सायबर दरोड्याला सुट्टी नसते

पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी दरोडा पडला, तेव्हा बँकेच्या एकाही शाखेचे कुलूप तुटले नाही. महिन्यातला तो दुसरा शनिवार होता आणि बँका बंद होत्या. त्या दिवशी काही तासांच्या अवधीत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी रुपये गेले. पाठोपाठ सोमवारी, १३ ऑगस्टला, ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीचा गैरवापर करून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण चोरी ९४ कोटी ४२ लाख रुपयांची!

हे कसे घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ‘या खात्यात पैसे आहेत का?’ अशी विचारणा बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते. ती मूळ खातेप्रणालीला विचारून होकार किंवा नकार कळविते. हल्लेखोरांनी घातक प्रणाली बँकेच्या जाळ्यात घुसवून मध्येच एक बनावट स्विच उभा केला. बनावट कार्डांबाबतच्या विचारणा मूळ प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट स्विचच परस्पर होकार देत राहिला. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक जागेवर राहिली आणि फटका बँकेला बसला. या प्रकरणी पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरविले. ही मुख्यतः पैसे काढण्याच्या साखळीतील माणसे होती. हल्ल्यामागील मेंदू मात्र देशाबाहेरचा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९च्या अहवालात उत्तर कोरियाकडे बोट दाखविले.

अशा बातम्या वाचल्यावर उद्योजकांची प्रतिक्रिया दोन प्रकारची असते. ‘बँकांचे हे हाल, तिथे आपला काय पाड?’ ही एक आणि ‘आपल्यासारख्या लहान माणसाला कोण लुटणार?’ ही दुसरी. दोन्ही प्रतिक्रियांचा परिणाम एकच, तो म्हणजे काहीही न करणे. वास्तविक कॉसमॉसच्या आणि त्यानंतरच्या घटनांतून जो धडा मिळतो, तो महागड्या यंत्रणेचा नाही. तो सवयींचा आणि सरावाचा आहे आणि दहा माणसांच्या कारखान्यालाही परवडणारा आहे.

सुट्टी तुमची, संधी त्यांची

मोठ्या सायबर हल्ल्यांच्या तारखा एकत्र ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर पळविले गेले. हल्ला सुरू झाला गुरुवारी रात्री. शुक्रवारी ढाक्यात साप्ताहिक सुट्टी, शनिवार-रविवारी न्यूयॉर्कमध्ये सुट्टी आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे फिलिपिन्समध्ये सुट्टी. पैसे फिलिपिन्समध्येच गेले होते. ‘वॉनाक्राय’ने मे २०१७ मध्ये जगभर धुमाकूळ घातला, तो वार शुक्रवार. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी युक्रेनमध्ये राज्यघटना दिनाची सुट्टी होती.

म्हणून प्रत्येक मालकाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो असा, की दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आपल्या खात्यातून पैसे जाऊ लागले तर ते कोणाला कळेल? आणि कळले तर व्यवहार थांबविण्याचा अधिकार कोणाला आहे? पुष्कळ आस्थापनांत या प्रश्नाचे उत्तर ‘साहेब आल्यावर बघू’ असे असते. बँकेचे संदेश केवळ हिशेबनिसाच्या भ्रमणध्वनीवर न येता दोघांना यावेत. ठरावीक रकमेपुढचे व्यवहार दोघांच्या संमतीशिवाय होऊ नयेत. सुट्टीच्या काळात खात्यावर दैनंदिन मर्यादा घालून घ्यावी. या तिन्ही गोष्टींना सुरक्षाप्रणाली विकत घ्यावी लागत नाही. बँकेकडे अर्ज केला की काम भागते.

बिल खरे, खाते खोटे

लहान व्यवसायांना सर्वाधिक सावध राहावे लागते ते ई-मेलद्वारे होणाऱ्या फसवणुकीपासून. समजा, भोसरीतील एक उद्योजक परदेशातून सुटे भाग मागवितो. भामटे दोघांपैकी एकाच्या ई-मेलचा पासवर्ड मिळवितात आणि काही आठवडे नुसते वाचत बसतात. बिलाची तारीख जवळ आली की पुरवठादाराच्या नावाने पत्र येते : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, कृपया यापुढे रक्कम नव्या खात्यात भरावी.’ बिलाचा क्रमांक खरा, रक्कम खरी, भाषाही ओळखीची. फक्त पाठविणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ व ‘एन’ ही दोन अक्षरे जोडून लिहिलेली असतात. घाईच्या वेळी हे डोळ्यांना दिसत नाही. वर्षभराचा नफा एका पत्राने जातो आणि पुरवठादाराचे देणे तसेच राहते.

हे फक्त भोळ्याभाबड्यांच्या बाबतीत घडते, असेही नाही. लिथुआनियातील एका इसमाने खऱ्या पुरवठादार कंपनीच्या नावाने खोटी बिले पाठवून गूगल आणि फेसबुक या दोन कंपन्यांकडून १२ कोटींहून अधिक डॉलर उकळले होते. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. आता तर आवाज आणि चेहराही खात्रीचा राहिलेला नाही. २०२४च्या प्रारंभी हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याला चित्रफितीद्वारे झालेल्या बैठकीत वरिष्ठ अधिकारी दिसले. ते सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेने घडविलेले बनावट चेहरे होते. त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर हस्तांतरित केले.

यावरचा उपाय जुनाच आहे : पडताळणी. खाते बदलल्याचे पत्र आले की पुरवठादाराला दूरध्वनी करावा. मात्र पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर. हा नियम मालकालाही लागू हवा. ‘मी बैठकीत आहे, ताबडतोब पैसे पाठव,’ असा मालकाच्या नावाने निरोप आला तरी हिशेबनिसाने उलट फोन करून विचारले पाहिजे आणि त्यासाठी त्याला बोलणी न बसता शाबासकी मिळाली पाहिजे. ज्या कार्यालयात प्रश्न विचारणे हा उद्धटपणा समजला जातो, तेथे भामट्याचे काम निम्मे झालेले असते. बांगलादेशच्या प्रकरणात एकूण ९५ कोटी १० लाख डॉलर हलविण्याचा डाव होता. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर वाचले, ते ‘फाउंडेशन’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधील चूक खटकल्याने कोणीतरी चौकशी केली म्हणून!

प्रत आहे, पण ती उघडते का?

दुसरा मोठा धोका खंडणीचा. घातक प्रणाली संगणकातील सर्व माहिती सांकेतिक स्वरूपात बंद करते आणि किल्लीसाठी पैसे मागते. ‘वॉनाक्राय’ ज्या त्रुटीतून घुसला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवून घेतली ते या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. ‘अपडेट नंतर करू’ या एका बटणाची किंमत अनेकांनी मोजली.

‘नॉटपेट्या’चा प्रसार युक्रेनमधील एका हिशेबप्रणालीच्या अपडेटमधून झाला आणि त्यात मेर्स्क ही जगातील अग्रगण्य जहाजकंपनी सापडली. तिच्या समूहाकडे असलेले न्हावाशेवा बंदरातील टर्मिनलही ठप्प झाले. युक्रेनमध्ये पेटलेल्या वणव्याची झळ उरणपर्यंत पोहोचली ती अशी. मेर्स्कला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या साऱ्या जाळ्याचा नकाशा ज्या सर्व्हरवर असतो, त्याच्या प्रती जगभर होत्या. पण त्या एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती घानामधील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती!

आपण वीज जाण्याच्या भरवशावर राहू नये. यासाठी तज्ज्ञ एक सोपे सूत्र सांगतात. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत कार्यालयाबाहेर, जाळ्यापासून तोडलेली असावी. संगणकाला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क ही सुरक्षित प्रत नव्हे. मूळ माहितीबरोबर तीही बंद होते. याहून महत्त्वाचे म्हणजे तीन महिन्यांतून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. हिशेब दिसतो का? गेल्या आठवड्यातील बिले आहेत का? सगळे पूर्ववत व्हायला किती तास लागले? ही तालीम न केलेली प्रत म्हणजे कधीच चालवून न पाहिलेला अग्निशामक पंप.

शेजारच्या घरातील आग

स्वतः सावध असूनही दुसऱ्यामुळे अडचणीत येण्याची वेळ कशी येते, हे जुलै २०२४ मध्ये दिसले. सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादार कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला आणि खबरदारी म्हणून तिला देशाच्या किरकोळ देयकप्रणालीपासून तोडण्यात आले. परिणामी सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांचे डिजिटल व्यवहार अडले. आपली हिशेबप्रणाली, संकेतस्थळ, पगारपत्रक सांभाळणाऱ्या बाहेरच्या माणसाकडे कोणते पासवर्ड आहेत, याची यादी म्हणूनच हवी. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती त्याच दिवशी बंद व्हावीत आणि ई-मेल व बँकव्यवहारासाठी पासवर्डखेरीज दुसरा पुरावा सक्तीचा असावा. चोरीला गेलेला पासवर्ड एकटा निरुपयोगी ठरविणारा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पहिले सहा तास

इतके करूनही हल्ला होऊ शकतो. तेव्हा काय करायचे, हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. कारण संगणक बंद पडल्यावर त्यातील सूचना वाचता येत नाहीत. बाधित संगणक जाळ्यापासून तोडावा, मात्र घाईने पुसून टाकू नये. त्यातच पुरावा असतो. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात पोहोचण्याआधी गोठविली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत. ग्राहकांची व्यक्तिगत माहिती सांभाळण्यात हयगय झाल्यास २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

बदनामीच्या भीतीने गप्प बसणे हा आपल्याकडील सर्वांत घातक परिपाठ आहे. चूक करणाऱ्या कर्मचाऱ्याला आपली नोकरी जाईल असे वाटले, तर तो लपविणार. आणि त्याने लपविलेला प्रत्येक तास चोराच्या पदरात पडणार. ‘चुकून लिंक उघडली’ असे पाच मिनिटांत येऊन सांगणारा कर्मचारी कोणत्याही महागड्या प्रणालीपेक्षा मोलाचा आहे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला शिकविण्याची गरज नाही. सायबर सुरक्षेच्या बाबतीत ही विहीर फार खोलही नाही. एक उलट फोन, एक वेगळी ठेवलेली प्रत, भिंतीवरचा एक कागद. पुढचा दुसरा शनिवार येण्याआधी एवढे खणून व्हायला हरकत नाही.