जुनी मोटार आणि घरचे हात

घरांतील भिंतीचा गिलावा सुटला कीं आपण गवंड्याला बोलावितों. परंतु नळाची चकती झिजली तर ती घरींच बदलतों. मोटारीच्या बाबतींत मात्र हा विवेक आपण करीत नाहीं. किल्ली फिरविणें आणि डिझेल भरणें एवढेंच मालकाचें काम, बाकी सर्व कारागिराचें, असा सुशिक्षित कुटुंबांतूनहि समज असतो. मोटार नवी असेपर्यंत तो चालून जातो. ती वीस वर्षांची झाली म्हणजे महाग पडतो, आणि क्वचित् जिवावरहि बेततो.

आमच्या घरीं सन २००३ मध्यें घेतलेली टाटा सुमो आहे. ही गाडी १९९४ सालीं बाजारांत आली व २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाच्या व आडनांवाच्या आरंभींच्या अक्षरांवरून तिचें नांव ठेविलें होतें. आमचें कुटुंब एकत्र असल्यानें ती अजून सोडवत नाहीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढें तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. आमची दोनदां वाढली. पण कागद नवा झाला म्हणून गाडी नवी होत नाहीं, हें आम्हांस एका प्रसंगानें कळलें.

आईला गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनाला न्यावयाचें ठरलें होतें. आदल्या दिवशीं सकाळीं थोरल्या वहिनींनीं मोटारीची वही काढली. किराण्याच्या वहीप्रमाणें तीहि त्याच ठेवितात.

"भावोजी, ब्रेकचें तेल चार वर्षांत बदललेलें नाहीं. मध्यें दोनदां नुसती भर घातलेली आहे."

"पातळी बरोबर आहे, वहिनी. आल्यावर पाहूं."

"पातळी असेल, पण रंग पाहिलात का? चहासारखा झाला आहे. आणि भर कां घालावी लागली?"

या शेवटच्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. सामान्य 'डॉट ३' जातीचें नवें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खालीं येऊं शकते. कुंभार्लीसारखा घाट उतरतांना ब्रेक वारंवार दाबल्यास तेल उकळून त्याची वाफ होते. तेल दाबाखालीं आकसत नाहीं, वाफ आकसते. म्हणून पायटा तळाला जातो आणि चाकें थांबत नाहींत. तें तेल दोन वर्षांनीं बदलावें असा सर्वसाधारण नियम आहे.

पुतण्यानें चाकें तपासलीं, तों मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूस ओल दिसली. तेथें आम्हीं हात आंखडता घेतला व कारागिराला बोलाविलें. आंतील रबर फुगून तेल झिरपत होतें. त्यानें तें बदललें, सर्व तेल नवें भरलें आणि प्रवास एक दिवस पुढें ढकलला. आई थोडी रुसली. पण घाट उतरतांना मागें दहा माणसें गप्पा मारीत होतीं, तेव्हां मला वहिनींचा प्रश्न वरचेवर आठवत होता.

तेव्हांपासून कामाची वांटणी ठरली आहे. दर रविवारीं इंजिन थंड असतां ऑईल व कूलंट पाहावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें, दाब सुटतांच उसळून अंगावर येतें. डिझेलच्या फिल्टरच्या तळाशीं सांचलेलें पाणी काढून टाकावें. फिल्टर बदलल्यावर हातपंपानें हवा काढणें विसरूं नये. पुतण्या विसरला, आणि बॅटरी उतरेपर्यंत किल्ली फिरवीत बसला. टायरच्या कुशीवर चार आंकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल असली तरी वयानें रबर कडक होऊन तडकतें. पावसाळ्यानंतर गाडीखालचा चिखल धुवावा, पायपुसणीं उचलून तळ वाळवावा व दारांच्या खालचीं छिद्रें मोकळीं करावीं. गंज तेथूनच शिरतो. काढलेलें ऑईल गटारांत ओतूं नये.

ब्रेक, स्टिअरिंग आणि डिझेलचा पंप उघडणें हें मात्र घरचें काम नव्हे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये; खालीं भक्कम घोडी लावल्याखेरीज तर नाहींच.

या सर्वांत पैसा वांचतो, हें खरें. परंतु खरा लाभ निराळा आहे. ज्याचा हात आठवड्यांतून एकदां गाडीवरून फिरतो, त्याला तिचें दुखणें आधीं कळतें. आणि कारागिराला केव्हां बोलवावें, हें समजण्यासाठींहि वही व घरचे डोळे लागतात.