अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची बुद्धी

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्या महिन्यातले जगत नाही, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो निखालस चुकीचा आहे. बाळ पोटात जितके अधिक दिवस राहील, तितकी त्याच्या जगण्याची शक्यता वाढते. दुसरा समज याहून घातक आहे. तो म्हणजे, अपुऱ्या दिवसांचे मूल मठ्ठच निघणार. त्याचा आपण येथे विचार करू.

गर्भारपणाचा पूर्ण काळ सुमारे ४० आठवड्यांचा. ३७ आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ ते अपुऱ्या दिवसांचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात. म्हणजे हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घरापुरता नाही.

मेंदूच्या वाढीत शेवटचे तीन महिने फार महत्त्वाचे. याच काळात मेंदूच्या पृष्ठभागावर भराभर घड्या पडतात, पेशींमध्ये जोडण्या होतात आणि संदेश वाहणाऱ्या तंतूंवर स्निग्ध आवरण चढवणाऱ्या पेशी तयार होतात. ३४ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. उरलेली वाढ आईच्या पोटाऐवजी काचेच्या पेटीत, उजेडात आणि सुया टोचून घेत व्हावी लागते. फुप्फुसे कच्ची असल्याने प्राणवायू कमी पडू शकतो, कधी मेंदूतील नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. त्यामुळे त्या तंतूंना इजा पोचते.

३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ११-१२ गुणांनी कमी आढळतो. लक्ष टिकवणे, गणित, हातापायांच्या हालचालींतील सफाई यांतही काही मुले मागे पडतात. परंतु सरासरी ही गटाची असते, एकेका मुलाची नव्हे. अशी कितीतरी मुले इतरांसारखीच शिकतात. शिवाय बहुसंख्य बाळे ३२ आठवड्यांनंतर जन्मतात. त्यांना धोका बराच कमी असतो.

कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची रीत सुरू केली. तिलाच 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. १९९३ ते १९९६ दरम्यान अशी काळजी मिळालेल्या बाळांची वीस वर्षांनी पुन्हा पाहणी झाली व ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या तरुणांची शाळेतील गैरहजेरी कमी होती आणि स्वभावातील आक्रमकपणाही कमी होता. आईची ऊब आणि दूध यांना पैसे पडत नाहीत, हे आपण ध्यानी घ्यावे.

मग आपण काय करावे? गरोदर भगिनींची नोंदणी वेळेवर व्हावी, रक्तदाब तपासला जावा. मिश्री व तंबाखू कटाक्षाने बंद व्हावी. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर दोन वर्षांचे होईपर्यंत त्याचे वय दोन महिने कमी धरून प्रगती मोजावी. दहा महिन्यांच्या बाळाकडून आठ महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी. डोळे व कान यांची तपासणी चुकवू नये. विशेषतः डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत झालीच पाहिजे. बसणे, बोलणे मागे पडत असेल तर 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी केंद्रे उघडली गेली. तेथील उपचार मोफत आहेत.

शाळेत घालताना गुरुजींना जन्माची हकीकत जरूर सांगावी. एखाद्या मुलाला पाढे उशिरा येत असतील, तर त्याला छडीची नव्हे, थोड्या अधिक वेळाची गरज असते. 'मठ्ठ' हा शिक्का एकदा बसला की मूल स्वतःही तो खरा मानू लागते. तो शिक्का आपल्या घरात व वस्तीत कोणत्याही मुलावर बसू न देणे, एवढे तरी आपल्या हाती निश्चितच आहे.