बेंजोमागचा अ‍ॅम्प्लिफायर

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांत हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला की सगळ्यांची नजर वाजवणाऱ्याच्या बोटांवर. त्याच्यामागे हातगाडीवर ठेवलेल्या लोखंडी पेटीकडे दोनच माणसं बघत असत. एक ती भाड्याने देणारा, आणि दुसरा ती बंद पडली तर शिव्या खाणारा. काल्हेर-कशेळीपासून पडघ्यापर्यंत नाचलेल्या दोन पिढ्यांच्या कानांत जो आवाज बसला आहे, त्यात या पेटीचा वाटा बेंजोइतकाच आहे. तरी तिचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.

बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग. मूळ वाद्य जपानी. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ बनवलं. तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या, त्यामुळे पडद्यावर बोट नेमकं कुठे ठेवायचं याची चिंताच मिटली. ते वाद्य हिंदुस्थानात आलं, रुळलं, आणि मुंबई-ठाण्याच्या मिरवणुकांत त्याच्या तारांखाली पिकअप बसला. चुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे, त्यावर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण व्होल्टेज उमटतं. इलेक्ट्रिक गिटारचं तंत्र नेमकं हेच. म्हणून बेंजोचा अ‍ॅम्प्लिफायर आणि गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर ही चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही.

फरक पडला तो परिस्थितीमुळे. अमेरिकेत लिओ फेंडरने वादकांसाठी खास अ‍ॅम्प्लिफायर काढले. लंडनमधल्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली फेंडरच्या ‘बासमन’वर बेतलेला पहिला मार्शल तयार झाला. आपल्याकडे तेव्हा परकीय चलनाची टंचाई आणि आयात परवान्यांची रांग. सभेसाठी, मंडपासाठी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायरच मग भाषणाला, कव्वालीला, बेंजोला आणि क्वचित गिटारलाही जुंपला गेला. दिल्लीच्या अहुजाचा, नाहीतर मुंबईच्या शिकागो रेडिओचा.

शिकागो रेडिओ हे नाव अमेरिकन, कंपनी मात्र मोटवाने या सिंधी कुटुंबाची. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव ठळक दिसतं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, त्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. ध्वनिक्षेपकाचा धंदा आणि राजकारण यांचं नातं आपल्याकडे इतकं जुनं आहे.

आता पेटीच्या वयाचा प्रश्न. त्या काळी रेडिओला पोस्टाचं लायसन्स लागे, निदान तेवढा कागद घरात सापडतो. अ‍ॅम्प्लिफायरला असलं जन्मपत्रक नाही. फेंडरचा सेट असेल तर आतल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का सापडू शकतो. पहिलं अक्षर वर्षाचं, १९५१ म्हणजे ‘ए’, दुसरं महिन्याचं. ‘जे-डी’ म्हणजे एप्रिल १९६०. जेन्सन स्पीकरवर २२० हा कारखान्याचा आकडा, त्यापुढे वर्ष आणि आठवडा. भिवंडीच्या पेटीला यातलं काही लागू नाही. तिथे खुणा वेगळ्या वाचाव्या लागतात.

विक्रेत्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करावी. पत्त्यात ‘मुंबई-४’ असा विभाग-क्रमांक असेल तर पेटी बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची, कारण त्या दिवशी सहा आकडी पिनकोड आला. ‘बहुधा’ अशासाठी, की दुकानदार छापलेल्या जुन्या चिठ्ठ्या संपेपर्यंत चिकटवतोच. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीची. ‘हर्ट्झ’ हे एकक १९६० मध्ये अधिकृत झालं, त्याआधी ‘सायकल्स’ लिहीत, आणि नंतरही बरीच वर्षं लिहीत राहिले.

मग व्हॉल्व्ह. त्यांची युरोपीय नावं स्वतःच बोलतात. ‘ईएल-३४’ मधला ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, ‘एल’ म्हणजे आउटपुटचा पेंटोड, ३ म्हणजे आठ पिनांचा ऑक्टल पाया. ‘ईसीसी-८३’ मध्ये दोन ‘सी’, म्हणून एका काचेत दोन ट्रायोड, आणि ८ म्हणजे नऊ पिनांचा छोटा पाया. मलार्डच्या व्हॉल्व्हवर काचेच्या तळाशी करड्या रंगात बारीक सांकेतिक अक्षरं असतात. भिंग आणि तिरपा उजेड हवा, आणि बोटाने घासून पुसायचा मोह आवरायला हवा, कारण ती अक्षरं चटकन पुसली जातात.

मी उघडून पाहिलेली एक पेटी अंजूरफाट्याजवळच्या भंगाराच्या गाळ्यातून आली होती. नावपट्टी कुणीतरी उचकटून नेलेली, रिव्हेटची चार भोकं तेवढी उरलेली. आत सुताचा भुगा बोटभर साचलेला. पॉवरलूमच्या गावात वर्षं काढल्याचा पुरावा यापेक्षा दुसरा काय हवा? आउटपुटला दोन ईएल-३४. एकावर मलार्डचं ‘बी-७-एच-३’: बी म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, एच म्हणजे ऑगस्ट, ३ म्हणजे तिसरा आठवडा. ७ मात्र फसवा, १९५७ ही असेल किंवा १९६७ ही. आउटपुटच्या आधीच्या टप्प्यातला छोटा व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. बंगळूरच्या या कारखान्यात फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले ते १९६१ पासून.

पण व्हॉल्व्ह हा बदलायचाच भाग. त्यावरून पेटीचं वय ठरवणं म्हणजे बल्बवरून घराचं वय ठरवणं. पाहायचं ते सोल्डरकडे. कारखान्यातल्या जोडात तारेला टॅगभोवती वेढा दिलेला असतो आणि त्यावर कथील नीट वितळलेलं असतं. दुरुस्तीत तार जुन्या गोळ्यावर नुसती चिकटवतात. त्या छोट्या व्हॉल्व्हच्या नऊ पिनांच्या सॉकेटचे जोड वेढ्याचे निघाले, सॉकेटही मूळ रिव्हेटचंच. म्हणजे पेटी जन्मापासून ईसीसी-८३ च्या जातीची. त्यात चेसिसच्या आतल्या बाजूला विभाग-क्रमांकाची चिठ्ठी सापडली. एकूण रोख साठच्या दशकाच्या उत्तरार्धाकडे. याहून नेमकं वर्ष छातीठोकपणे सांगणारा माणूस बहुतेक वेळा ती पेटी विकायला बसलेला असतो.

अशी पेटी हाती आली की लोक पहिली चूक करतात ती प्लग लावण्याची. वर्षानुवर्षं पडून राहिलेला फिल्टरचा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर आतून सुकलेला असतो. त्यावर एकदम ४०० व्होल्ट आले की तो फुटतो, किंवा शॉर्ट होऊन मेन ट्रान्सफॉर्मर जाळतो. जुन्या मेकॅनिकचा उपाय म्हणजे सिरीज बल्ब. मेनच्या वाटेत शंभर वॉटचा पिवळा बल्ब. तो मंद राहिला तर ठीक, भगभगला तर आत शॉर्ट. एलईडी इथे कामाचा नाही, म्हणून मेकॅनिक तारेचे जुने बल्ब अजून जपून ठेवतो. बंद केलेल्या पेटीतही कंडेन्सर भार धरून असतो. रेझिस्टर लावून तो उतरवल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि मोजताना एक हात खिशात.

दुसरा दोष अधिक लबाड. दोन टप्प्यांमधला कागदी कंडेन्सर पावसाळी हवेने झिरपू लागतो. त्यातून काही व्होल्ट डीसी आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचतात, व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त करंट ओढतो आणि त्याची प्लेट लाल होते. ऐकणाऱ्याला फक्त आवाज जरा फाटल्यासारखा वाटतो. या पेटीत तेच झालं होतं. कार्बनचे रेझिस्टरही चढले होते. २२० किलोओहमचा एक रेझिस्टर मीटरवर ३०० दाखवत होता.

एक शोध मात्र भिवंडीचाच म्हणावा लागेल. मागच्या व्होल्टेज सिलेक्टरची पिन २१० वर होती. लूमच्या भाराने लाइन खाली बसत असताना कुणीतरी ती तिथे नेली असणार. आता त्याच गाळ्यात मीटर २४० दाखवतो. म्हणजे ६.३ व्होल्टच्या हीटरला ७.२ व्होल्ट मिळाले असते आणि व्हॉल्व्हचं आयुष्य झपाट्याने घटलं असतं. पिन २४० वर आणली, तीन तारांची कॉर्ड लावून चेसिसला अर्थिंग दिलं. मूळ पेटीत अर्थिंग नव्हतं, म्हणून ते देऊ नये, असं मानणारे हौशी संग्राहक असतात. त्यांनी ओल्या मांडवात माइक धरून पाहावा.

परदेशी संग्राहक जुन्या कंडेन्सरची कवचं पोखरून त्यात नवे भाग लपवतात. दिसायला सुंदर, पण आपल्या पेट्यांना ते शोभत नाही. त्या मुळातच दुरुस्त होत जगल्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकदा गुंडाळून घेतलेला होता, वाइंडिंगवाल्याने कागदावर पेन्सिलीने तारेचा गेज आणि वेढे लिहून आतच ठेवले होते. तो कागद आहे तिथेच राहू दिला. काढलेले भाग पिशवीत घालून पेटीच्या तळाशी बांधले. माणूस मारणारं किंवा पेटी जाळणारं तेवढं बदलायचं. बाकीच्या खुणा पुढच्या वाचणाऱ्यासाठी.

बेंजो लावायचा तो ग्रामोफोनच्या इनपुटला. क्रिस्टल पिकअपसाठी केलेलं ते इनपुट उंच इम्पीडन्सचं असतं, त्यामुळे तारेची धार बोथट होत नाही. जाणत्याने आवाज वाढवला की ईएल-३४ ची जोडी लहरीची टोकं हळूहळू गोल करते आणि सूर जाड होतो. मात्र एक पथ्य कडक. स्पीकर न जोडता व्हॉल्व्हची पेटी वाजवायची नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळून वाइंडिंग जातं. गल्लीभर तारा टाकून कर्णे लावायचे तर १०० व्होल्टची लाइन आणि प्रत्येक कर्ण्याला त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर. जवळ एकच स्पीकर असेल तर आठ किंवा सोळा ओहमचा टॅप.

नवे ईएल-३४ रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, जोडी जुळवलेली घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात, फक्त भाव करताना आजोबांच्या काळचे दर काढू नयेत. त्या गाळेवाल्याच्या भाच्याला पेटी हळदीत वाजवायची आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरच्या लाउडस्पीकरला बंदी आहे, तेव्हा हळद सातलाच लाव, असं त्याला सांगितलंय.