पागेतले डास

ग्वाल्हेरला आमच्या काकांकडे वरातीच्या २ घोड्या आहेत. पावसाळ्यात तिन्हीसांजेला पागेत कडुनिंबाचा धूर व्हायचा. मी तो थांबवला, काका रुसलेच! पण बंद पागेतला धूर घोडीच्या फुप्फुसांना बाधतो, शिवाय शेजारी सुकं गवत. आणि डासांकडे दुर्लक्षही नको, जपानी मेंदूज्वर घोड्यांनाही होतो.

खरी मेख पाण्याच्या हौदात आहे. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ८-१० दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी हौद उपसायचा, कडा घासायच्या, कारण अंडी तिथेच चिकटतात. उपसता न येणाऱ्या टाक्यात गप्पी मासे. माणसांचं डासांचं मलम घोडीला परस्पर लावू नका, पशुवैद्यांना विचारा. रात्री पंखा लावा. वाऱ्यात डासाला नीट उडता येत नाही. वायर मात्र उंचावरून न्या, आमची धाकटी घोडी दिसेल ते चावते.