बेलाचे पान देवाला, फळ पोटाला

अंबरनाथहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाची एक चिंता तो सहसा कोणाजवळ बोलत नाही. लोकलच्या डब्यात शौचालय नसते. पोट हळवे असेल तर तो सव्वा-दीड तास म्हणजे शिक्षाच. सगळ्या तपासण्या निर्दोष, तरी कळा, जुलाब किंवा मलावरोध चालूच. डॉक्टर याला ‘आयबीएस’ म्हणतात, घरची माणसे ‘मनाचे खेळ’.

इथल्या १०६० सालच्या शिवमंदिरात आपण बेलाचे पान वाहतो. आयुर्वेदाने पोटासाठी सांगितले ते त्याचे कच्चे फळ. बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांनी बेल आणि जलब्राह्मी यांचे औषध १६९ रुग्णांच्या चाचणीत पारखले. १९८९ साली निष्कर्ष छापून आले. बेलाच्या औषधाने सुमारे ६५ टक्के रुग्णांना बरे वाटले, आधुनिक औषधांनी ७८ टक्के आणि औषध नसलेल्या नुसत्या गोळीनेही ३३ टक्के! जुलाबवाल्यांना बेल विशेष मानवला, पोटदुखीवाल्यांना आधुनिक औषधे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे माझी नजर मात्र वर्षअखेरच्या शिलकेवर जाते. सहा महिन्यांच्या पुढे पाहिले, तर आजार उलटू न देण्यात दोन्ही औषधे त्या नुसत्या गोळीहून सरस नव्हती.

कच्चा बेल मल बांधतो, म्हणून मलावरोध असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर प्रथमच पोट बिघडले असेल, तर बेल राहू द्यावा आणि आधी डॉक्टरांकडे जावे.