एका शाळेचा अनुभव दुसऱ्या शाळेस

गिरणीत, रुग्णालयात किंवा मोठ्या कचेरीत शेकडो माणसे एका छपराखाली काम करतात. कामात अडचण आली तर शेजारच्या जाणत्यास विचारता येते. जेवणाच्या सुटीत सहज बोलताना नवख्यास अशा पुष्कळ गोष्टी कळतात, की ज्या कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेल्या नसतात.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा हेही एक मोठे कार्यस्थळच आहे. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. तेव्हापासून एका जिल्ह्यातील हजारो शिक्षक एकाच संस्थेचे सेवक आहेत. परंतु या कार्यस्थळास एक छप्पर नाही. ते डोंगरवाडीपासून नदीकाठापर्यंत विखुरलेले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. अशा शाळेत एका शिक्षकाच्या वाट्यास दोन किंवा अधिक इयत्ता येतात. त्यास अडचण आली तर विचारण्यास दुसरा एकच मनुष्य असतो, आणि तोही आपल्या वर्गांत गुंतलेला असतो. हा एकटेपणा ग्रामीण शिक्षकाची मोठी अडचण होय, आणि तिचा परिणाम अखेरीस मुलांवर होतो.

तो कसा होतो, हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास सांगितले असता पुष्कळ मुले उत्तर ३५ काढतात. शिक्षक त्यावर फुली मारतो आणि रीत पुन्हा फळ्यावर दाखवितो. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा ३५ च लिहिते. असे चार वेळा झाले म्हणजे ‘याचे लक्ष नसते’ असा शेरा बसतो. वास्तविक त्या मुलाचे लक्ष पूर्ण असते. ‘लहान संख्येतून मोठी संख्या वजा होत नाही’ हे शिक्षकाचेच वाक्य त्याने मनात धरलेले असते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन वजा करून पाच लिहिते. मग पाचातून दोन वजा करून तीन लिहिते. त्याची चूक बेफिकिरीची नसून नियमनिष्ठेची आहे. त्याच मुलाच्या हाती काड्यांचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या देऊन ‘यांतून सत्तावीस काड्या दे’ असे म्हटले, तर सात सुट्या काड्या देता येत नाहीत हे त्यास दिसते. ते एक गठ्ठा सोडते. आता चार गठ्ठे व बारा सुट्या काड्या होतात, आणि सत्तावीस दिल्यावर पंचवीस उरतात. हातचा म्हणजे काय, हे त्यास मग निराळे सांगावे लागत नाही.

संख्यावाचनातही असेच घडते. ‘बावन्न’ या शब्दात दोनाचा उच्चार आधी व पन्नासाचा मागाहून होतो. लिहिताना मात्र पाच आधी येतो. म्हणून मूल कानाला अनुसरून २५ लिहिते. ‘एकोणचाळीस’ ऐकताना त्यास चाळीस ऐकू येतात, आणि ते ४९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ या धर्तीचे संख्यावाचन आणले, तेव्हा राज्यभर वाद झाला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले व बोलले गेले. परंतु कोणते मूल कोणत्या संख्येपाशी व का अडते, हे रोज पाहणारा मनुष्य वर्गातील शिक्षकच होय. हे ज्ञान त्याने अध्यापक विद्यालयात मिळविलेले नसते. ते मुलांच्या पाट्या तपासता तपासता वर्षानुवर्षे साठलेले असते.

असे ज्ञान जिल्ह्यात पुष्कळ आहे. दुर्दैव हे की, ते ज्याचे त्याच्यापाशी राहते. एका वाडीवरील शिक्षकास जो उपाय सापडलेला असतो, तो तीन कोसांवरील शिक्षक पुन्हा पहिल्यापासून शोधीत असतो. शिक्षकाची बदली झाली म्हणजे कार्यभार रीतसर सोपविला जातो. जडसंग्रह नोंदवहीप्रमाणे खुर्च्या, पेट्या, नकाशे व घंटा मोजून दिली जाते. परंतु कोणते मूल वाचनात कोठपर्यंत आले आहे, कोणते मूल घरी निराळी बोली बोलते आणि म्हणून वर्गात गप्प बसते, कोणास जवळून फळा दिसत नाही, याची यादी कोणी देत नाही व कोणी मागत नाही. नवा शिक्षक हे सर्व शोधून काढीपर्यंत पहिले सत्र संपते. त्या मुलाचे ते सत्र परत येत नाही.

ही उणीव शिक्षणतज्ज्ञांच्या ध्यानात पूर्वीच आली होती. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने जवळजवळच्या शाळांची संकुले करावीत, म्हणजे शिक्षकांचा एकाकीपणा कमी होईल, असे सुचविले. महाराष्ट्रात १९९४ साली केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली आणि शेजारच्या शाळा एका केंद्रशाळेस जोडल्या गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळासंकुलाचा पुरस्कार केला आहे. केंद्राची शिक्षण परिषद ही या विचारातूनच आलेली आहे. तिचा हेतू शिक्षकाने शिक्षकापासून शिकावे, हा आहे.

तथापि अनेक ठिकाणी परिषदेचा वेळ परिपत्रके वाचण्यात व माहितीचे तक्ते भरण्यात जातो. आता भ्रमणध्वनीवरून आदेश क्षणात शाळेत पोहोचतो. त्याकरिता साऱ्या शिक्षकांस एकत्र बसविण्याचे कारण उरलेले नाही. जे समोरासमोर बसल्याखेरीज होत नाही, तेच परिषदेत झाले पाहिजे.

ते न होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक खोल आहे. ‘माझ्या वर्गातील सात मुलांस अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत’ असे चारचौघांत म्हणणे शिक्षकास कमीपणाचे वाटते. समोर अधिकारी बसलेले असतील तर ते कबुलीजबाबासारखे वाटते. म्हणून जो तो आपल्या शाळेचे यश सांगतो आणि अडचण घेऊन घरी परततो. आदर्श पाठ होतो, तोही आधी घोटून घेतलेल्या मुलांचा. त्यावर टाळ्या पडतात. शिकण्यासारखे त्यात थोडेच असते.

जपानमधील प्राथमिक शिक्षकांनी या भयावर एक चांगला तोडगा काढलेला आहे. तेथे ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, ही परंपरा फार जुनी आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात. त्यांपैकी एक जण तो पाठ घेतो व इतर पाहतात. मात्र ते शिक्षकास पाहत नाहीत, मुले काय करतात ते पाहतात. पाठानंतर सर्वजण बसून चर्चा करतात. पाठ सर्वांनी मिळून आखलेला असल्यामुळे तो फसला तरी एकट्याचा अपमान होत नाही. सर्वांची आखणी सुधारते.

ही रीत आपल्या केंद्रांत आणण्यास निराळा खर्च लागत नाही. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळल्या तरी पुरे आहे.

(१) परिषदेत एकच प्रश्न घ्यावा व तो आधी कळवावा. ‘गणिताची गुणवत्ता’ हा प्रश्न नव्हे. ‘हातच्याची वजाबाकी कोठे अडते’ हा प्रश्न होय.

(२) प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या चार-पाच वह्या आणाव्यात. मुलाचे व शाळेचे नाव झाकावे. चर्चा चुकीवर व्हावी, मुलावर किंवा शिक्षकावर नव्हे.

(३) ज्यांची सेवा सर्वांत कमी झाली आहे त्यांनी प्रथम बोलावे. केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी शेवटी बोलावे. वडीलधाऱ्यांचे मत आधी आले म्हणजे लहानांचे मत बहुधा येतच नाही.

(४) ठरलेला उपाय प्रत्येकाने महिनाभर करून पाहावा आणि पुढील परिषदेच्या आरंभी काय घडले ते सांगावे. उपाय फसला असल्यास तेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे.

(५) केंद्रशाळेत एक अनुभववही ठेवावी. तीत अडचण, केलेला उपाय व परिणाम एवढेच थोडक्यात लिहावे. ही वही तपासणीकरिता नसावी.

(६) बदलीच्या वेळी जडसंग्रहाच्या यादीबरोबर मुलांविषयीचे एक पान पुढील शिक्षकाच्या हाती द्यावे. त्यात मुलांचे दोष नोंदवू नयेत. मूल कोठपर्यंत आले आहे व कशाने पुढे येते, ते लिहावे.

यांखेरीज एक गोष्ट अशी आहे, की जी नियमात बसविता येत नाही. विश्वास असल्याखेरीज कोणी आपली अडचण बोलून दाखवीत नाही, आणि विश्वास ओळखीतून येतो. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाकडे पहिल्याच आठवड्यात शेजारच्या शाळेतील कोणी जाऊन आले, त्याच्या राहण्याजेवणाची चौकशी केली, तर पुढे तोच शिक्षक आपल्या वर्गातील अडचण न संकोचता विचारील. परिषदेनंतरचा चहा हा वेळेचा अपव्यय नव्हे. सभेत न निघालेला प्रश्न पुष्कळदा तेथेच निघतो.

अनुभवी शिक्षकांनीही एक विचार करावा. तीस वर्षांत मिळविलेले ज्ञान निवृत्तीच्या दिवशी शाल व नारळ यांच्याबरोबर घरी न्यावयाचे, की केंद्रातील तरुण शिक्षकांच्या हाती ठेवून जावयाचे, हे त्यांच्या स्वाधीन आहे. ते दिल्याने त्यांचे काही उणे होत नाही. आणि दूरच्या एखाद्या वाडीवर ३५ लिहून फुली घेणाऱ्या मुलास, आपण मठ्ठ नाही हे वेळेवर कळते.