उष्णतारोधक भिंत आणि विजेची तार : वाढीव बांधकामातील नियोजन

कोलकात्याच्या पूर्वेकडील खाऱ्या पाणथळ प्रदेशावर सॉल्ट लेक ही नियोजित वसाहत उभी राहिली. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये हुगळी नदीतील गाळ नळांवाटे आणून भरावाचे काम सुरू झाले. युगोस्लाव्ह नगररचनाकार दोब्रिव्होये तोश्कोविच यांनी वसाहतीचा आराखडा तयार केला. पुढे बिधाननगर हे नाव मिळालेल्या या वसाहतीत कुटुंब वाढले, की घरावर एखादी खोली किंवा मजला चढवण्याचा विचार होतो. अशा बांधकामात भिंतीचा उष्णतारोधक थर आणि विजेची वायरिंग यांचा विचार एकत्रितपणे करणे अगत्याचे आहे.

थराची आवश्यकता

कोलकात्याचे हवामान उष्ण व दमट आहे. वरच्या मजल्यावर छत आणि पश्चिमेकडील भिंत दिवसभर तापते व वातानुकूलन यंत्रावरील भार वाढतो. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला आणि २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. ब्युरोने निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये तयार केलेल्या इको निवास संहितेने, छत वगळता इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा अशा हवामानासाठी दर चौरस मीटरला १५ वॅट ठरवली. ती संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती. त्यामुळे कट्ठ्यांत मोजल्या जाणाऱ्या लहान भूखंडांवरील घरांना ती लागू झाली नाही. तेथे निर्णय घरमालकाच्या विवेकावरच राहिला.

तारेचे तापमान

उष्णतारोधक थर बाहेरची उष्णता जशी अडवतो, तशीच तो तारेत निर्माण होणारी उष्णताही कोंडतो. ही उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. सर्वसाधारण पीव्हीसी आवरणाच्या तारेची तापमानमर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. ती वारंवार ओलांडली गेल्यास आवरण ठिसूळ होते.

आंतरराष्ट्रीय प्रमाणकांनुसार एखादी तार अर्धा मीटर किंवा अधिक लांबीपर्यंत उष्णतारोधक द्रव्याने चहूबाजूंनी वेढली असल्यास तिची प्रवाहक्षमता निम्मी धरावी लागते. उघड्या भिंतीवर २० अँपिअर वाहून नेणारी तार तेथे १० अँपिअरच सुरक्षितपणे नेऊ शकते. तीन किलोवॅटचा गीझर मात्र सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्या तारेवर १६ अँपिअरचा एमसीबी बसवलेला असेल तर तो पडणार नाही. एमसीबी प्रवाह मोजतो. भिंतीतील तार किती तापली आहे, हे त्याला कळत नाही. धोका नेमका येथेच आहे.

दुसरी अडचण रासायनिक आहे. थर्माकोलचा पीव्हीसीशी दीर्घकाळ संपर्क राहिल्यास आवरणाला लवचीक ठेवणारे द्रव्य थर्माकोलमध्ये झिरपते. परिणामी आवरण कडक होते व थर्माकोलही विरघळू लागतो. म्हणून तार पाइपमधूनच न्यावी.

कामाचा क्रम

सर्वांत सुरक्षित व्यवस्था म्हणजे थर भिंतीच्या बाहेरून लावणे आणि वायरिंग आतील विटांमध्ये झिरी पाडून करणे. तारेची उष्णता मग विटांमार्गे खोलीत जाते. थर आतूनच लावणे भाग असेल, तर तो आणि आतील जिप्सम बोर्ड यांच्यामध्ये पाइपसाठी जागा सोडावी. थर भेदून तार नेणे अटळ असेल तेथे अधिक जाडीची तार घ्यावी किंवा एमसीबीची क्षमता कमी ठेवावी. पाइपांची भोके नीट बुजवावीत. एरवी दमट हवा आत शिरून थंड पृष्ठभागावर पाणी साचते.

वातानुकूलन यंत्र, गीझर आणि स्वयंपाकघर यांना स्वतंत्र सर्किट द्यावे. अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. जुन्या घरात अॅल्युमिनियमची तार आढळल्यास तिला तांब्याची तार नुसती पीळ देऊन जोडू नये. वितरण फलकापासून नवी तार आणणे श्रेयस्कर. हे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

खर्चाचा हिशेब

जाड तारेमुळे होणारी विजेची बचत घरगुती वापरात अल्पच असते. ती घेण्याचे खरे कारण सुरक्षितता हे आहे. गिलाव्यापूर्वी पाइपचा मार्ग बदलण्यासाठी कागदावरील एक रेघ पुरते. गिलाव्यानंतर भिंत, थर आणि रंग हे तिन्ही फोडावे लागतात. म्हणून विजेच्या पॉइंटचा व भाराचा आराखडा थराची जाडी ठरतानाच तयार व्हावा आणि भिंत झाकण्यापूर्वी पाइपांची मोजमापांसह छायाचित्रे घ्यावीत. वाढीव बांधकामाच्या परवानगीसोबत असा आराखडा मागण्याची पद्धत नगरपालिकांनी रूढ केली, तर ऊर्जाबचत आणि सुरक्षितता ही दोन्ही उद्दिष्टे एकाच वेळी साध्य होतील.